कातडीखालचा कापूर

गिरिजाला झटका आला तेव्हा डाव तिचाच होता. समोरच्या पोरीला तिनं ढाक लावली होती, ती पोर जमिनीवरून उचललीही गेली होती, आणि आता पाठ लागणार म्हणून तालमीतल्या मातीच्या हौदाच्या कठड्यावरची सगळी मंडळी पुढं वाकली होती. तेवढ्यात गिरिजाच्याच हाताची पकड सुटली. ती आडवी पडली, दात आवळले गेले आणि अंग ताठ होऊन थडथडायला लागलं.

मी तिची आत्या. रविवारला जोडून शनिवारची सुट्टी काढून पुण्याहून कुरणवाडीला आले होते आणि कठड्यावर बसून शेंगा खात होते. माझा थोरला भाऊ भैरू, ज्याला सगळा कागल तालुका वस्ताद म्हणतो आणि मी आण्णा म्हणते, उडी टाकून लेकीपाशी गेला. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी हुंगवायला चप्पल पुढं केली. मी दोघांनाही शिव्या घातल्या आणि गिरिजाला कुशीवर वळवलं. तिच्या तोंडाशी वाकले तर श्वासाला कापराचा वास येत होता.

अंगाला आला असता तर नवल नव्हतं. तालमीच्या लाल मातीत हळद, ताक, लिंबू, तेल आणि कापूर घालतात. दर शनिवारी मारुतीची पूजा झाली की आण्णा अर्धा किलो कापूर चुरून हौदात मिसळतो; आमच्या आजोबांपासूनची पद्धत आहे ती. त्या मातीत लोळलेल्या माणसाला कापराचा वास येणारच. पण हा वास आतून येत होता, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर. तिचं तोंड पुसलं, चेहरा धुतला, तरी तो येतच राहिला.

ॲम्ब्युलन्समध्ये ती शुद्धीवर आली. मी विचारलं, "कापूर खाल्लास का गं?"

"कापूर कशाला खाऊ मी, आत्ती? जिलबी मिळंना झालीया व्हय?" जीभ चावली गेल्यानं शब्द जड येत होते, पण तोरा शाबूत होता. "मी जिंकत हुतो का न्हाई, त्येवढं सांग."

आमच्याकडच्या पोरी 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. मी तिला सांगितलं, जिंकत होतीस.

कोल्हापूरच्या रुग्णालयात तिच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. यंत्रानं 'अपस्मार, संशयित' असं नोंदवलं आणि त्याच क्षणी कुस्ती मंडळाकडचं तिचं खेळाडू-पत्र बंद पडलं. हल्ली सगळं एकमेकांना जोडलेलं असतं, फक्त माणसाला शेवटी कळतं. गिरिजाच्या मनगटावरच्या पट्टीचा हिरवा ठिपका लाल झाला. एकोणिसावं वर्ष, दोन महिन्यांवर राष्ट्रीय निवड चाचणी, आणि आता जन्मभर मातीत पाय ठेवायचा नाही. डॉक्टर तरुण होता, बिचारा समजावून सांगत होता. गिरिजा त्याचं ऐकून घेऊन म्हणाली, "मला फिट येत न्हाई. मला एकदा आली."

मी त्याच्याकडून तिच्या रक्ताची कापरासाठी तपासणी करून घेतली. कापूर सापडला, तोही भरपूर. डॉक्टर म्हणाला, मुलीनं खाल्लाच असणार, लपवतायत.

आता मी कोण ते सांगायला हवं. मी संपदा चौगले, पुण्यात औषध-मान्यता मंडळात, बाह्य औषधांच्या कक्षात परीक्षक आहे. बाह्य म्हणजे मलमं, जेल, लेप, जे जे कातडीला लावायचं ते सगळं. आणि त्यातही मी औषध तपासत नाही. औषधाबरोबर ट्यूबमध्ये जे बाकीचं भरतात ते तपासते.

मलमात औषध चिमूटभर असतं आणि बाकी सगळं औषधाचं वऱ्हाड. मेण, तेल, पाणी, वास, टिकाऊपणासाठी काहीबाही. कायद्यात यांना निष्क्रिय घटक म्हणतात, म्हणजे रोगावर ज्यांचा काही परिणाम नाही असे. नवरदेवाची चौकशी सगळेच करतात, वऱ्हाडाला कोण विचारतं? आमचं मंडळ विचारतं, पण एकदाच. अमुक घटक, अमुक प्रमाणापर्यंत, कातडीवर चालतो असं ठरलं की त्याचं नाव मान्य यादीत जातं. पुढं कोणतीही कंपनी तो कोणत्याही ट्यूबमध्ये त्या प्रमाणापर्यंत घालू शकते. पुन्हा तपासणी नाही. पद्धत वाईट नाही. दर मलमामागं साधं मेण नव्यानं तपासत बसलो असतो तर लोक खाजवून खाजवून मेले असते.

खाजवण्यावरून आठवलं. बारमाही उकाडा आणि मनाला येईल ती मलमं चोपडण्याची सवय, यांतून गेल्या काही वर्षांत नायटा असा चिवट झालाय की जुन्या औषधांना तो हिंग लावून विचारत नाही. तालमींत तर विचारूच नका; एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पोटावर. गेल्या साली निळ्या ट्यूबमधलं नवं मलम आलं आणि पंधरवड्यात पोरांची अंगं स्वच्छ झाली. आण्णानं खोकंभर ट्यूबा आणून कठड्यावर ठेवल्या होत्या. जो तो सकाळ-संध्याकाळ लावायचा आणि हौदात उतरायचा. मलमही औषध, मातीही औषध, दोन्ही मिळून चांगलंच, असा हिशेब.

त्या मलमाचं यश एका वऱ्हाड्यामुळं होतं. त्याचं नाव सुगम. कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा. बाहेरचं बाहेर आणि आतलं आत राहतं ते या गिलाव्यामुळं. सुगमचा रेणू गिलाव्यात शिरून तो सैल करतो, औषध खोल उतरतं, आणि अर्ध्या तासात गिलावा पूर्ववत होतो. सुगम स्वतः शरीरात काही करत नाही, मोडत नाही, संपतही नाही. म्हणून निष्क्रिय. आजवर तो फक्त या एका मलमापुरता मान्य होता. आता कंपनीनं अर्ज केला होता की त्याचं नाव यादीत घाला, शेकडा पाच भागांपर्यंत, सर्व बाह्य औषधांसाठी. तो अर्ज आमच्या तिघा परीक्षकांपुढं होता, आणि त्या तिघांतली एक मी.

अर्जासोबतच्या चाचण्या छापील कातडीवरच्या होत्या. माणसाच्या पेशी वाढवून यंत्र रुपयाएवढ्या चकत्या छापतं, प्रत्येक चकतीखाली छोटी थाळी असते, आणि कातडीतून खाली काय उतरलं ते थाळीतला संवेदक सांगतो. ससे सुटले, उंदीर सुटले, फार चांगलं झालं. फक्त एक आहे, या चकत्या दर टप्प्याला खारट पाण्यानं धुतात. त्यांना घाम येत नाही, त्यांच्याशी कुणी झोंबत नाही, त्या कामाला जात नाहीत.

रविवारी मी तालमीतल्या पोरींना विचारत बसले. चौघींनी सांगितलं, शनिवारी संध्याकाळी डोकं जड होतं, मळमळतं, कानात गुणगुण होते.

"मग बोलला का नाहीत?"

"शनवारचा उपास बाधतोय की ओ आत्ती," त्यांतली एक म्हणाली. मारुतीच्या उपासाला कोण नावं ठेवणार, म्हणून साबुदाणा वाढवला होता त्यांनी. त्यांतल्या एकीनं तर ते मलम कधी लावलंही नव्हतं. तिला नायटाच नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घामाबरोबर सुगम मातीत उतरत होता. मातीत तेल होतं, तेलात तो टिकत होता. संपत तर तो नव्हताच. दर लोळणीला तो पुन्हा अंगाला घासला जात होता, सगळ्यांच्याच, आणि गिलावा घट्ट व्हायला उसंत मिळत नव्हती. आठवडाभर त्या उघड्या वाटेनं हळद गेली, लिंबू गेलं, कुणाचं काही बिघडलं नाही. शनिवारी कापूर जायचा. कापूर रक्तात भरपूर गेला तर माणसाला झटके येतात, हे कोणत्याही विषशास्त्राच्या पुस्तकात आहे.

सोमवारी मी डॉ. विद्याधर पारसनीसांच्या खोलीत गेले. ते कक्षाचे प्रमुख आणि तिघांतले ज्येष्ठ परीक्षक. मलमातला म मला त्यांनी शिकवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "भाची आहे ना तुझी?"

"हो."

"मग नियमानं तू या अर्जावर बसू शकत नाहीस."

"ठीक आहे. उठते."

"उठलीस की मी आणि कानिटकर उरतो, आणि अर्ज मंजूर होतो. तुझ्यापासून कशाला लपवू? सुगमसाठी किती औषधं खोळंबलीयत ते तुला माहितेय. भाजलेल्या मुलांचं वेदनाशामक आहे त्यात. सुई न टोचता, संपदा. तू भाजलेलं मूल पाहिलंयस का?"

पाहिलं होतं. पारसनीस वाईट माणूस नाहीत, तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडायला बळ लागत नाही.

"तालमीला सांगू आपण," ते म्हणाले, "माती बंद करा, गाद्या घाला. सगळं जग गादीवर खेळतंय."

"सर, माणूस धुतलेली चकती नसतो. आज मातीत कापूर होता म्हणून कळलं. उद्या दुसरीकडं दुसरं काही असेल."

"ते तू परीक्षक म्हणून म्हणू शकत नाहीस."

"आणि टेबलाच्या पलीकडं बसून म्हटलं तर? हरकतदार म्हणून?"

त्यांनी चष्मा खाली ठेवला. "मंडळाच्या नोकरीतला माणूस मंडळापुढं हरकत घेऊ शकत नाही. राजीनामा द्यावा लागेल. ही खुर्ची परत मिळणार नाही."

"ती तशीही कमरेला लागते, सर," मी म्हटलं.

बोलायला सोपं होतं. निम्मं आयुष्य त्या इमारतीत गेलं होतं आणि दुसरं काही मला येत नव्हतं. पण राग भीतीहून मोठा होता. पोरीचा श्वास मी हुंगला होता आणि हे लोक मला गादी सांगत होते.

सुनावणी दीड महिन्यानं लागली. प्रयोगशाळेला लागून असलेल्या काचेच्या दालनात एका बाजूला पारसनीस आणि कानिटकर, समोर कंपनीचे वकील आणि डॉ. इरावती सामंत, जिनं सुगमचा रेणू घडवला ती. हुशार बाई, बोलायला मऊ. तिसऱ्या बाजूला मी, आण्णा आणि गिरिजा. आण्णा ठेवणीतला फेटा बांधून आला होता. गिरिजानं लाल ठिपक्याची पट्टी काढली नव्हती. बाही वर सारून सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती.

मी मागितलेली चाचणी साधी होती. दोन चकत्या घ्यायच्या. मलम कुणालाच लावायचं नाही. एकीवर आमच्या जुन्या हौदातली माती चोळायची. दुसरीवर नवी माती, त्याच खाणीतली, तेच तेल, तेच ताक, तेवढाच कापूर, फक्त निळ्या ट्यूबशी जिचा कधी संबंध आला नाही अशी. जुन्या मातीतून कापूर खाली उतरला आणि नव्यातून नाही, तर मधला फरक सुगमचा. नवी माती आण्णानं कुरणवाडीला मोठ्या टबात मळली होती, मंडळाचा निरीक्षक शेजारी उभा होता, आणि टब मोहोरबंद करून आणला होता.

चकत्यांवर यंत्राचा हात माती चोळत राहिला. आम्ही पडद्याकडं बघत बसलो. पहिल्या थाळीतला आकडा चढू लागला. गिरिजानं माझा हात दाबला.

मग दुसऱ्या थाळीतलाही चढू लागला.

वकील हसले नाहीत, पण खुर्चीत आरामात टेकले. डॉ. सामंत म्हणाली, "आमचा घटक असलेली माती आणि नसलेली माती, दोन्हींतून कापूर जातोय. म्हणजे दोष मातीचा आणि त्यात इतका कापूर घालण्याच्या प्रथेचा. मला त्या मुलीबद्दल मनापासून वाईट वाटतं." कानिटकरांनी मातीचे हौद बंद करण्याच्या शिफारशीबद्दल काहीतरी म्हटलं. आण्णा मान खाली घालून बसला होता. मी हरले होते, वर भावाची तालीम बुडवली होती.

चहाची सुट्टी झाली. मी आण्णाला बाहेर व्हरांड्यात ओढून नेलं.

"आण्णा, टब भरताना काय काय केलंस? पहिल्यापासून सांग."

"केलं की सगळं रीतीनं. माती चाळली. ताक घातलं, त्याल घातलं. तू सांगितल्यागत मोजून कापूर. हळद, लिंबू. नारळ फोडला, उदबत्ती लावली, जुन्या हौदातली वंजळ घातली, पाया पडलो आनि मोहर लावून घेतली."

"कसली ओंजळ?"

"जुन्या मातीची." त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "जुन्याची वंजळ घातल्याबिगर नवा हौद लागत न्हाई. विरजणाबिगर दही लागतंय व्हय?"

"आण्णा, अरे मी सांगितलं होतं ना, जुन्याचा संबंध नको म्हणून?"

"त्या मलमाचा म्हणालीस. मातीचं कुटं म्हणालीस? आनि तुमचा सायब हुता की शेजारी हुबा. नारळ त्येनंच फोडला."

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. गिरिजा मधे पडली तेव्हा थांबले. आणि थांबल्यावर मला कळलं, मी कशावर ओरडतेय. टबभर माती आणि तीत एक ओंजळ.

मी चहा टाकून आत गेले आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. निरीक्षकानं दुजोरा दिला; नारळाचं मात्र त्यानं वगळलं. डॉ. सामंत म्हणाली, "पण एका ओंजळीत सुगम असून असणार किती? लाखात एखादा भाग. आम्ही तर शेकडा पाच मागतोय."

"तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. "खाणीच्या मातीची दोन पोती आणि बाकीचं सामान बाहेर गाडीत आहे. तिसरी चकती लावा."

यावर वकिलांनी हरकत घेतली. पारसनीसांनी ती फेटाळली. माझ्याकडं न बघता फेटाळली, पण फेटाळली.

या खेपेला आण्णानं दालनातच, सगळ्यांच्या देखत घमेल्यात तेच तेल, तेच ताक आणि तेवढाच कापूर घालून माती मळली. ओंजळ नाही, नारळ नाही. मळून झाल्यावर हात झटकत तो म्हणाला, "ही माती न्हवं. चिखल झालाय ह्यो." त्या मातीच्या तो पायाही पडला नाही. यंत्रानं ती तिसऱ्या चकतीवर चोळली, पहिल्या दोन्हींइतकाच वेळ. थाळीतला आकडा जेमतेम हलला आणि तिथंच बसून राहिला.

मग जे झालं त्याबद्दल मी डॉ. सामंतचं नाव आदरानं घेते. ती स्वतः उठली, जुन्या मातीची चिमूट घेतली, आण्णाच्या त्या चिखलात कालवली आणि म्हणाली, "चौथी चकती." कुणी मागितली नव्हती. वकील तिच्या कोपराला हात लावत होते, तिनं तो बाजूला केला. पडद्यावर आकडा चढू लागला तशी ती खाली बसली. आपण घडवलेला रेणू चिमटीतूनही एवढी वाट उघडतो हे तिला तेव्हा कळलं. आम्हाला सगळ्यांनाच तेव्हा कळलं.

"अशी ओंजळ आणखी कुठं दिलीय का तुम्ही?" पारसनीसांनी आण्णाला विचारलं.

"दसऱ्याला पाच गावांस्नी दिलीया," आण्णा म्हणाला. "न्हाई म्हनायचं नसतंय." आणि ते बोलता बोलता त्याचा चेहरा बदलला, कारण त्या पाच गावांतल्या पोरी त्याला नावानिशी माहीत होत्या. त्या हौदांत कापूर घालू नका, पोरी उतरवू नका, असा निरोप त्यानं तिथूनच फोनवर दिला.

पुन्हा सुट्टी झाली, जरा लांबली. परत आल्यावर वकिलांनी तडजोड पुढं ठेवली. सुगमचं नाव यादीत जावं, पण ज्या ट्यूबमध्ये तो आहे तिच्यावर ठळक छापावं: मातीत कुस्ती खेळणाऱ्यांनी वापरू नये. त्या बदल्यात गिरिजा चौगले हिचा झटका कापराच्या विषबाधेमुळं होता, अपस्मार नाही, हे कंपनी आजच लेखी मान्य करते. औषध मंडळानं कुस्ती मंडळाला तसं कळवलं की संध्याकाळपर्यंत तिचं खेळाडू-पत्र सुरू. निवड चाचणीला अजून दोन आठवडे होते.

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

पारसनीस हळू आवाजात म्हणाले, "तर हरकत कायम राहते. सुगमची तपासणी पहिल्यापासून होईल, सगळ्या परिस्थितींत. वर्ष लागेल, दोनही लागतील. तोवर झटक्याचं कारण 'अनिर्णित'. अनिर्णित असताना पत्र सुरू होत नाही, तो नियम आमच्या हातात नाही. संपदा, घे हे. तुला जे हवं होतं ते मिळतंय."

खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पोरीनं चार वर्षं पहाटे उठून जोर मारले होते, आणि मी जगाची काळजी करायला कोण? मला आता नोकरीही नव्हती. पण शब्द माझा नव्हता, कुस्ती माझी नव्हती. मी गिरिजाकडं बघितलं. आण्णाही बघत होता. त्याच्या नजरेत सरळ विनवणी होती, घे म्हणून.

गिरिजा उठून उभी राहिली. तिनं वकिलांकडं बघितलंच नाही, डॉ. सामंतला विचारलं, "मॅडम, शेतात फवारा मारनाऱ्या बाईच्या हाताला नायटा हाय. तिनं ह्ये लावलं आनि पंप पाठीवर घेतला, तर?"

डॉ. सामंत म्हणाली, "तपासलेलं नाही."

"केसाला कलप लावनाऱ्यानं लावलं तर?"

"नाही तपासलेलं."

"आनि आईच्या हाताला ह्ये लागलंय, आनि तिनं त्याच हातानं बाळाच्या छातीला बाम चोळला तर? त्यात बी कापूरच असतोय."

या खेपेला डॉ. सामंतनं नुसती मान हलवली.

"मग ट्यूबवर लिवा की," गिरिजा म्हणाली, "मानसांनी वापरू नये."

वकिलांनी घसा साफ केला आणि निवड चाचणी चुकली तर पुढची दोन वर्षांनी असते, याची जाणीव करून दिली. वयाचं गणितही मांडलं. अगदी मायेनं मांडलं.

"चुकू दे," ती म्हणाली. "एकट्या मला सोडवून घ्यायला मी हितं आलो न्हाई. माझ्या हौदातली माती पाच गावांत गेलीया. ह्येंची यादी कुटं कुटं जाईल त्ये कुनाला म्हाईत न्हाई. हरकत ऱ्हाऊ दे."

आण्णानं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी तिच्याकडं बघू शकले नाही.

पारसनीसांनी समोरच्या पडद्यावरचे चार आकडे पुन्हा वाचले. कानिटकरांशी ते दोन वाक्यं बोलले. मग त्यांनी लेखनिकाला नोंद घ्यायला सांगितलं: सुगमची यादीतली मान्यता थांबवली, निळ्या ट्यूबची विक्री थांबवली, सर्व परिस्थितींत नव्यानं तपासणी. भाजलेल्या मुलांच्या औषधाची तपासणी आधी घ्यावी, असंही त्यांनी घातलं. ते मला पटलं.

"हरकतदार दोन," लेखनिक टंकत म्हणाला. "एक, संपदा चौगले, माजी परीक्षक. दुसरीचं पूर्ण नाव?"

"गिरिजा भैरू चौगले."

"व्यवसाय?"

"पैलवान."

लेखनिकानं नाव यंत्रात घातलं आणि पडद्याकडं बघून अवघडला. "तसं घालता येत नाही, ताई. यंत्र घेत नाही. तुमचं पत्र बंद दाखवतंय."

"पत्र बंद हाय," गिरिजा म्हणाली. "पैलवान न्हाई."

लेखनिकानं पारसनीसांकडं बघितलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेले, त्याच्यासमोरचं यंत्र बाजूला सारलं आणि खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"हातानं लिहा," ते म्हणाले. "पैलवान."